नाक कुणाचं, ओठ कुणाचा?

बारशाला जमलेल्या आज्या-आत्यांचं एक काम ठरलेलं असतं. पाळण्यात डोकवायचं आणि निकाल द्यायचा. "नाक अगदी आजोबांचं." "हनुवटी आईची." "कपाळ मात्र आपल्या घरातलं नाही हं!" बाळाचं नाव अजून ठेवलेलंही नसतं, पण घराणं चेहऱ्यावरून वाचून झालेलं असतं.

आज आपण हाच खेळ छोट्या ऑर्किडबरोबर खेळणार आहोत. फरक एवढाच, की इथे निकाल चुकला तर रोपाचं खाणंपिणंही चुकतं आणि बिचारं रोप मुकाट्याने जीव सोडतं.

कोलकात्यात राहणाऱ्यांना हा खेळ खेळायची संधी भरपूर. उत्तर कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटला दर रविवारी सकाळी पाळीव प्राणी, मासे आणि रोपांचा बाजार भरतो. अलीपूरला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडियाची बाग आहे. ही संस्था विल्यम केरी यांनी 1820 मध्ये सुरू केली. तिथलं हिवाळी पुष्पप्रदर्शन पाहायला घरंच्या घरं लोटतात. अशा ठिकाणी हल्ली वीतभर उंचीची, तळहातावर मावेल अशा कुंडीतली, फुलांनी डवरलेली संकरित ऑर्किडं दिसतात. फ्लॅटच्या गॅलरीला अगदी सोयीची. पण विक्रेत्याला नाव विचारा, उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : "मिनी ऑर्किड."

आता मिनी हे काही नाव नाही, ते माप झालं. या एका मापात किमान सहा वेगवेगळी घराणी बसतात. एकाला रोज पाणी हवं, दुसऱ्याला हिवाळ्यात उपास हवा. एकाला कोलकात्याचा मे महिना मानवतो, दुसरं त्यात शिजून जातं. सगळ्यांना एकच नियम लावला, की काही महिन्यांत कुंडी रिकामी होते आणि आपण म्हणतो, "आमच्या हाताला ऑर्किड लाभत नाही." हाताचा दोष नसतो हो. ओळख झालेली नसते, एवढंच.

आणि ओळख करून घ्यायची संधी थोडेच दिवस असते. पानं आणि मुळं थोडंफार सांगतात, पण खरी कुळकथा फूल सांगतं. फूल गळलं, की ती संधी पुढच्या बहरापर्यंत गेली. म्हणून घरात फुललेलं छोटं ऑर्किड असेल, तर हा लेख त्याच्या शेजारी बसूनच वाचा.

आधी फुलाचे अवयव

ऑर्किडच्या फुलात सहा भाग सहज दिसतात. बाहेरचे तीन म्हणजे निदल. ते पाकळ्यांसारखेच रंगीत असतात, म्हणून आपण त्यांनाही पाकळ्याच समजतो. आतल्या तीन खऱ्या पाकळ्या. त्यांतल्या दोन एकसारख्या, तिसरी मात्र एकदम निराळी : कधी झालरीची, कधी पिशवीसारखी, कधी मिश्यावाली. या तिसरीला ओठ म्हणतात. फुलावर येणाऱ्या कीटकासाठी ही उतरायची जागा असते.

फुलाच्या मधोमध एक छोटा दांडा असतो, तो स्तंभ. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे असतात. इथे ते एकत्र जुळलेले असतात. स्तंभाच्या टोकाला इवलीशी टोपी आणि तिच्याखाली परागाच्या गोळ्या. ऑर्किडचा पराग भुकटीसारखा उडत नाही, तो असा गोळ्यांमध्ये बांधलेला असतो. गोळ्या किती, यावरूनही घराणं कळतं. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडामध्ये 2, डेंड्रोबियममध्ये 4, ब्रासाव्होलामध्ये 8. पण मोजायच्या मोहाने टोपी उचकटू नका. ती निघाली, की पुष्कळ जातींमध्ये फूल लवकर मिटतं. चांगल्या फुलावर हा प्रयोग नको. फूल गळायच्या बेतात आलं, की मग मुलांना हाताशी घेऊन टाचणीने टोपी उचला आणि गोळ्या मोजा.

बघण्याचा क्रम लक्षात ठेवा : आधी ओठ, मग बाजूने हनुवटी, मग पाठ, मग पाकळ्यांचा आकार आणि वास. रंग सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, "जांभळं आहे ना, मग तेच" असं म्हणतो. रंग फसवा असतो. ऊन, थंडी, फुलाचं वय यांनी तो बदलतो. शिवाय बाजारातलं गर्द निळं फॅलेनॉप्सिस तर रंगवलेलं असतं. दांड्यात निळा रंग सोडतात आणि पुढच्या बहराला तेच रोप पांढरं फुलतं. ओठाचा आकार असा रंगवता येत नाही.

पहिलं घराणं : फॅलेनॉप्सिस

दुकानात सगळ्यात जास्त दिसणारं छोटं ऑर्किड हेच. जाड, रुंद, जमिनीलगतची पानं आणि त्यांच्यामधून निघालेला फुलांचा दांडा. समोरून पाहिलं तर दोन मोठ्या पाकळ्या फुलपाखराच्या पंखांसारख्या. ओठाला तीन भाग, बाजूचे दोन वर उभे राहिलेले.

आता नीट बघा. ओठाच्या टोकाला दोन बारीक, वळलेल्या मिश्या आहेत का? असतील तर घरात अमाबिलिस किंवा अ‍ॅफ्रोडाइट यांच्यासारख्या मोठ्या, पांढऱ्या फुलांच्या जातीचं रक्त आहे. मिश्या नाहीत, ओठ टोकदार, फुलं इंच-दीड इंचाची पण ढीगभर आणि दांड्याला फांद्या फुटलेल्या? मग फिलिपिन्सची इक्वेस्ट्रिस ही आजी असण्याची शक्यता मोठी. छोट्या फॅलेनॉप्सिसच्या पुष्कळ संकरांत तीच आहे. दांडा सरळसोट उभा आणि पाकळ्या मागे झुकलेल्या असतील, तर पुल्करिमा. फूल चांदणीसारखं, मेणचट, दांड्यावर एका वेळी एखाद-दोनच आणि सुगंधी, तर व्हायोलेशिया किंवा बेलिना.

याचा उपयोग काय? शेवटच्या दोघींचा दांडा फूल गळलं तरी हिरवा राहतो आणि त्याच दांड्यावर पुढे पुन्हा कळ्या येत राहतात. इक्वेस्ट्रिसच्या लेकीही जुन्या दांड्याला नवी फांदी फोडतात. "बहर संपला, कापून टाका" हा सल्ला इथे ऐकलात तर पुढची फुलं तुम्हीच कापली म्हणून समजा. मोठ्या फुलांच्या घराण्यात मात्र नवा दांडा यायला रात्रीचा गारवा लागतो. कोलकात्यात तो डिसेंबर-जानेवारीत आपोआप मिळतो. त्या दिवसांत रोप बंद खोलीत न ठेवता खिडकीजवळ ठेवा.

दुसरं घराणं : डेंड्रोबियम

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. बाजारात डेन-फॅल नावाची छोटी रोपं मिळतात. नाव ऐकून वाटतं, की डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस यांचं लग्न लावलेलं आहे. तसं काही नाही. ऑस्ट्रेलियाकडच्या बिगिबम या डेंड्रोबियमला गोलसर फुलांमुळे पूर्वी डेंड्रोबियम फॅलेनॉप्सिस म्हणत. त्याच्या वंशजांना ते टोपणनाव चिकटलं, इतकंच.

ओळखायचं कसं? फूल बाजूने बघा. खालचे दोन निदल आणि स्तंभाचा तळ मिळून मागे एक टोकदार फुगवटा तयार झालेला दिसेल. हीच ती हनुवटी. डेंड्रोबियमला ती असते. फॅलेनॉप्सिसचं फूल बाजूने त्या मानाने सपाट दिसतं. खात्री करायची तर रोपाकडे बघा. डेंड्रोबियमला उसासारखी पेरं असलेल्या कांड्या असतात.

आता डेंड्रोबियममध्येही दोन शाखा महत्त्वाच्या. फुलांचा दांडा कांडीच्या शेंड्याजवळून निघाला असेल आणि फुलं गोलसर असतील, तर बिगिबमची शाखा. हिला ऊब आणि दमट हवा आवडते, म्हणजे कोलकाता तिला घरच्यासारखं. हिच्या पानं झडलेल्या जुन्या कांड्या वाळलेल्या समजून कापू नका. त्यांवर पुन्हा फुलं येऊ शकतात. वरच्या दोन पाकळ्या पिळदार, हरणाच्या शिंगांसारख्या उभ्या असतील, तर त्यात न्यू गिनीकडच्या शिंगवाल्या डेंड्रोबियमचं रक्त मिसळलं आहे असं समजा.

फुलं दांड्यावर नसून थेट कांडीच्या पेरांतून दोन-दोन, तीन-तीन निघाली असतील आणि ओठाच्या घशात गडद डाग असेल, तर ती नोबिलेची शाखा. मूळ नोबिले हे सिक्कीमचं राज्यफूल. ही हिमालयाची लेक. तिला हिवाळ्यात गारवा आणि कोरडेपणा लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी आपण लाडाने पाणी आणि खत देत राहिलो, तर कळ्यांच्या जागी पेरांवर छोटी छोटी पिल्लं फुटतात. पिल्लं गोड दिसतात, पण फुलं हुकतात.

म्हणजे दोन्ही डेंड्रोबियमच, दोन्ही छोटी, दोन्ही जांभळी. पण एकीला हिवाळ्यात थोडंफार पाणी चालू ठेवायचं आणि दुसरीचं जवळजवळ तोडायचं. फूल कांडीवर कुठून निघालं एवढं पाहिलं, की हा प्रश्न सुटतो.

तिसरं घराणं : व्हँडा

या घराण्याचं नाव तर आपल्याच मातीतलं. कोलकात्यात 1784 मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे विल्यम जोन्स संस्कृतचे अभ्यासक होते. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीसाठी संस्कृतात वंदा असा शब्द आहे. त्याच शब्दावरून त्यांनी या ऑर्किडला व्हँडा म्हटलं. त्यांचा तो लेख 1795 मध्ये सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आला, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. आज थायलंडपासून हवाईपर्यंतचे रोपवाले व्हँडा म्हणतात तेव्हा ते नकळत संस्कृत बोलत असतात. जाता जाता एक गैरसमज दूर करू. झाडावर राहतात म्हणून ही बांडगुळं नव्हेत. ती झाडाचा फक्त आधार घेतात, रस शोषत नाहीत.

मूळ व्हँडा उंच वाढणारी. तिला आटोपशीर केलं ते अ‍ॅस्कोसेंट्रम नावाच्या ठेंगण्या नातेवाइकांनी. ईशान्य भारतापासून थायलंडपर्यंत वाढणारी केशरी फुलांची कर्व्हिफोलिया आणि गडद गुलाबी फुलांची अँप्युलेशिया या त्यांतल्या दोघी. हल्ली शास्त्रज्ञांनी त्यांना व्हँडामध्येच सामावून घेतलं आहे. पण जुन्या चिठ्ठ्यांवर अ‍ॅस्कोसेंडा असं नाव अजून दिसतं. ते चूक नाही, माहेरचं नाव आहे.

ओळखायला फूल उलटं करून पाठ बघा. ओठाच्या मागे छोटी बाटलीसारखी पिशवी लोंबताना दिसेल. अ‍ॅस्कोसेंट्रम या ग्रीक नावात पिशवीच आहे आणि अँप्युलेशिया म्हणजे कुपीसारखी. दीड-दोन इंचांची गोल, चपटी, भडक केशरी-लाल फुलं उभ्या दांड्यावर दाटीने आली असतील, तर बहुधा कर्व्हिफोलिया पूर्वजांत आहे. 1965 मध्ये नोंदलेला यिप सम वाह हा प्रसिद्ध संकर तिचाच. पाकळ्यांवर जाळीसारखी नक्षी असेल आणि रंग निळसर-जांभळा असेल, तर खासी टेकड्यांच्या बाजूची निळी व्हँडा, म्हणजे सेरुलिया, आठवावी. जाळी तपकिरी-पिवळसर आणि ओठ जांभळा असेल, तर टेसेलाटा. आयुर्वेदाच्या नावांत आणि बंगालमध्ये जिला रास्ना म्हणतात, ती हीच.

कोलकात्याच्या दमट उन्हाळ्यात हे घराणं खूश असतं. फक्त हिला मातीत किंवा शेवाळात कोंबू नका. लाकडी टोपलीत मुळं मोकळी सोडा, सकाळचं ऊन आणि रोज पाणी द्या.

चौथं घराणं : कॅटलिया

ओठ मोठा, कडेला झालरीचा आणि तळाशी नळीसारखा गुंडाळून स्तंभाला कुशीत घेणारा, म्हणजे कॅटलिया. छोट्या कॅटलियांमध्ये तीन पूर्वज ओळखता आले तरी बरंच काम होतं.

पहिला कॉक्सिनिया : फूल सपाट, पाकळ्या रुंद, रंग शेंदरी-लाल आणि फुलाच्या मानाने ओठ लहान. रूप देखणं, पण माहेर ब्राझीलच्या धुक्याच्या डोंगरांत. तिचं रक्त जास्त असलेली लाल छोटी कॅटलिया कोलकात्याच्या मे महिन्यात कष्टी होते. तिला सगळ्यात गार, वाऱ्याचा कोपरा द्या.

दुसरा ब्रासाव्होला नोडोसा : पाकळ्या अरुंद, दोऱ्यासारख्या, आणि ओठ रुंद, पांढरा, बदामाच्या आकाराचा. याची परीक्षा रात्री घ्यायची. दिवसा वास नाही आणि जेवणं उरकून गॅलरीत गेलात तर घमघमाट, असं असेल तर निकाल लागला. पतंगांना बोलावण्यासाठी हे फूल रात्रीच दरवळतं. संकरित लेकींमध्ये हा वास कमी-जास्त उतरतो. उष्णता या पूर्वजाला सोसते, त्यामुळे आपल्याकडे ही मंडळी टिकतात.

तिसरा डिग्बियाना : ओठाची कड दाढीसारखी फाटलेली, बारीक तंतूंची. ती एकदा पाहिली की विसरायची नाही.

पाचवं घराणं : ऑन्सिडियम

इथे ओठच सर्व काही. बाकीच्या पाकळ्या छोट्या आणि ओठ घेरदार झग्यासारखा पसरलेला. वाऱ्यावर फुलं डोलली की नाचणाऱ्या बाहुल्याच. ओठाच्या वरच्या टोकाशी बारीक मोडांसारखा उंचवटा असतो, तो या घराण्याचा शिक्का.

नखाएवढी शेकडो फुलं आणि गोडसर वास असेल तर ट्विंकल या जुन्या, लोकप्रिय संकराचं कूळ असू शकतं. तांबूस फुलं आणि चक्क चॉकलेटचा वास आला तर शॅरी बेबी किंवा तिचं नात्यातलं कुणी. मुलांना डोळे मिटून वास घ्यायला सांगा, धमाल येते. पानं पंख्यासारखी, बोटाएवढी, आणि फुलाच्या मानाने ओठ भलताच मोठा व रंगीबेरंगी असेल, तर ते टोलुम्निया. त्याची मुळं भराभर सुकायला हवीत. ओल्या शेवाळात ते आठवड्या-दोन आठवड्यांत कुजू लागतं.

सहावं घराणं : सिम्बिडियम

कालिम्पाँग, दार्जिलिंग, गंगटोकच्या सहलीवरून येताना पिशवीत हमखास येतं ते हे. गवतासारखी लांब पानं, जाड पाकळ्यांची फुलं, ओठाला तीन भाग आणि मधल्या भागावर दोन उभ्या धारा. डोंगरावर फुलांनी लगडलेलं, घरी आल्यावर वर्षानुवर्षं नुसती पानं. कारण कळ्या धरायला त्याला थंड रात्री लागतात.

छोट्या सिम्बिडियममध्ये मात्र निवड करता येते. फुलांचा दांडा कुंडीबाहेर खाली लोंबत असेल आणि फुलं दाट असतील, तर डेव्होनियानमचा वंश असू शकतो. ही जात ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या जॉन गिब्सन नावाच्या माळ्याने 1830 च्या दशकात खासी टेकड्यांतून नेली. त्यासाठी तो इंग्लंडहून कोलकात्याला आला होता. ही डोंगरातच बरी. याउलट दांडा सरळ, पानं नाजूक आणि फुलांना मंद सुगंध असेल, तर एन्सिफोलियमचा वंश. गोल्डन एल्फ हा पिवळा, सुगंधी संकर तिचाच. तिला ऊब चालते. सपाट प्रदेशात सिम्बिडियम घ्यायचंच असेल, तर आधी वास घेऊन बघा आणि मग पाकीट उघडा.

चेहऱ्यावरून खरंच आईबाप कळतात?

एक जुनी गोष्ट सांगते. 1853 मध्ये जॉन लिंडली या इंग्लंडच्या नामवंत ऑर्किडतज्ज्ञाने फिलिपिन्सहून आलेलं एक फॅलेनॉप्सिस तपासलं. त्याचं फूल दोन ठाऊक जातींच्या मधलं दिसत होतं. ना पुरतं हिच्यासारखं, ना पुरतं तिच्यासारखं. त्याने त्याला इंटरमीडिया, म्हणजे मधलं, असं नाव दिलं आणि हे रानातच झालेलं संकरित रोप असावं असा अंदाज बांधला. तेव्हा माणसाने केलेल्या पहिल्या ऑर्किड संकराला फूलसुद्धा आलेलं नव्हतं. ते आलं 1856 मध्ये, व्हीच यांच्या रोपवाटिकेत.

त्याच रोपवाटिकेतल्या जॉन सेडनने 1875 मध्ये त्या दोन जातींचा, म्हणजे आजच्या अ‍ॅफ्रोडाइट आणि इक्वेस्ट्रिसचा, मुद्दाम संकर केला. रोपाला फूल यायला 1886 उजाडलं. फूल उमललं आणि ते हुबेहूब इंटरमीडिया निघालं. लिंडली 1865 मध्येच गेला होता. पण त्याने नुसत्या चेहऱ्यावरून सांगितलेलं गोत्र खरं ठरलं.

फूल उलगडून भाग वेगवेगळे पाहण्याची ही रीत आपल्या कोलकात्यातही जोपासली गेली. हावड्याच्या शिबपूरमध्ये 1787 पासून असलेल्या बोटॅनिक गार्डनने 1898 मध्ये सिक्कीम-हिमालयातल्या ऑर्किडवर जॉर्ज किंग आणि रॉबर्ट पँटलिंग यांचा मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यात रोपाच्या चित्राबरोबर ओठ, स्तंभ, परागाच्या गोळ्या अशी सुटी चित्रं आहेत. पँटलिंगने चित्रांच्या कामासाठी लेपचा मुलांना शिकवून तयार केलं होतं. आज आपल्या खिशातला फोन तेच काम करतो.

पण नाव ठेवायची घाई नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. चेहऱ्यावरून घराणं कळतं. पूर्ण नाव नाही.

जगात एक लाखाहून जास्त ऑर्किड संकरांची नोंद झालेली आहे. एकाच आईबापांची सगळी भावंडं एकाच संकरनावाखाली येतात, आणि भावंडं एकमेकांसारखी नसतातच. एक गोरं, एक सावळं, एक आजीवर गेलेलं. उलट, वेगवेगळ्या घरांतली दोन जांभळी फॅलेनॉप्सिस जुळ्यांसारखी दिसू शकतात. त्यामुळे चिठ्ठी नसलेल्या रोपाचा फोटो ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला आणि त्याने ऐटीत एक लांबलचक नाव सांगितलं, तर घराण्यापर्यंतचं घ्या, पुढचं सोडून द्या. ते फक्त दिसण्यात जवळचं काय आहे हे सांगतं. आईबाप कोण, हे त्याला माहीत नसतं.

खोटं नाव लावल्याने काय बिघडतं? रोप वाढतं, आपण त्याचं पिल्लू मैत्रिणीला देतो, ती पुढे देते. दहा घरांत चुकीचं नाव आणि त्या नावाबरोबर चुकीची निगा पोहोचते. चिठ्ठीवर सरळ लिहा : "फॅलेनॉप्सिस, छोटं, इक्वेस्ट्रिस वळणाचं, नाव अज्ञात, जानेवारीत गॅलिफ स्ट्रीटहून." ही चिठ्ठी कुठल्याही रुबाबदार नावापेक्षा उपयोगी आहे. आणि मुळात चिठ्ठी असलेलं रोप मिळत असेल, तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. कुंडीतली चिठ्ठी पावसाने पुसते किंवा कावळा उचलून नेतो.

संकरित की रानातून ओरबाडलेलं?

ओळखीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्या घरापुरता नाही. भारतात ऑर्किडच्या बाराशेहून जास्त जाती रानात आहेत आणि त्यांतल्या कित्येक बाजारासाठी ओरबाडल्या जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली निळी व्हँडा, लाल व्हँडा म्हणून ओळखली जाणारी रेनँथेरा आणि लेडीज स्लिपर म्हणजे पॅफिओपेडिलम यांना संरक्षण आहे. त्यांची रानातली रोपं अशी विकणं-घेणं गुन्हा आहे.

रोपवाटिकेतल्या संकरित रोपांची मुळं कुंडीच्या आकारात गोल फिरलेली असतात आणि सगळी रोपं एका वयाची, एका मापाची दिसतात. रानातल्या रोपाची मुळं तुटलेली, सालीचे तुकडे चिकटलेली. पानांवर ओरखडे, किड्यांनी खाल्लेल्या कडा, दगडफूल. कुंडी नाही, नुसती जुडी. विक्रेता "पहाडी आहे, स्वस्त देतो" म्हणाला तरी हात मागे घ्या. महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे लागू आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत सीतेची वेणी झाडांवरून झुलताना दिसते. तिचा फोटो घरी आणा, वेणी तिथेच राहू द्या. ती घरच्या कुंडीत सहसा टिकत नाही, आणि त्या झाडावरची जागा कायमची रिकामी होते.

आता तुमची पाळी

घरात ऑर्किड फुललेलं असेल तर आजच पाच फोटो काढा : समोरून, बाजूने, पाठीमागून, ओठाचा जवळून आणि पूर्ण रोपाचा. शेजारी दहा रुपयांचं नाणं धरा. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून फुलाचं माप कायमचं नोंदलं जाईल. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा वास घ्या. दांडा रोपावर कुठून निघाला ते लिहून ठेवा. पहिल्याच बहरावर शिक्कामोर्तब करू नका. नवखं किंवा प्रवासाने थकलेलं रोप लहान फुलं देतं, दुसऱ्या बहराला खरं माप कळतं.

मग वरच्या सहा घराण्यांशी ताडून बघा. घरातल्या आजीलाही सोबत घ्या, चेहरे ओळखण्यात तिचा हात कोण धरणार! घराणं ठरलं, की त्याप्रमाणे पाण्याचं वेळापत्रक बदला आणि कुंडीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी खोचा. शाई पावसाने जाते, पेन्सिल टिकते.